बाजाराला नो-एन्ट्री आहे, मग गावाला का नाही?

जबलपूरच्या कमानिया गेटखालून भर दुपारी वाळूने भरलेला हायवा नेण्याचा विचार कोणी करणार नाही. एका अंगाला बडा फुहारा, दुसऱ्या अंगाला सराफा, मध्ये खोव्याच्या जिलबीसाठी थांबलेली माणसे, ई-रिक्षांची घुसाघुशी आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेला माल. दुचाकी काढतानाही हातघाईवर यायची पाळी. शहराच्या दाट वस्तीत अवजड वाहनांना दिवसा मज्जाव असतो आणि त्यात आपल्यावर अन्याय झाला, असे म्हणत कोणी ट्रकमालक रस्त्यावर उतरत नाही. रस्ता अरुंद, इमारती जुन्या, माणसे पायी चालणारी, मुले शाळेत जाणारी. अशा जागी पंचवीस-तीस टनांचे धूड नको, हे पटवून द्यायला उपोषणाला बसावे लागत नाही. एक फलक, चौकात एक पोलीस आणि चलानाचे पुस्तक, एवढ्यावर भागते.

हीच कारणे जबलपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना जशीच्या तशी लागू पडतात. नर्मदा आणि हिरन नद्यांच्या काठची वाळूची गावे घ्या, नाहीतर सिहोरा-गोसलपूरच्या लोहखनिज पट्ट्यातली. रस्ता तिथे अरुंदच असतो: पावणेचार मीटर डांबर आणि दोन्ही बाजूंना मातीच्या साइडपट्ट्या. घरे रस्त्याला खेटून. मुले त्याच पट्टीवरून शाळेत जातात, बायका त्याच पट्टीवरून शेतावर. फरक इतकाच की तिथे फलक नाही, पोलीस नाही. तिथल्या माणसाला सांगितले जाते, ‘तक्रार नोंदवा.’

कमानिया गेटचा इतिहास पाहिला तर यात एक गंमत आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ही कमान ओळखली जाते. सुभाषचंद्र बोस त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. तापाने फणफणलेले असतानाच ते तिथे आले होते. त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर, भेडाघाटच्या वाटेवरचे गाव, कलचुरींची जुनी राजधानी. काँग्रेसने त्या काळात अधिवेशने मुद्दाम खेड्यात भरवायला सुरुवात केली होती. १९३६ साली खानदेशातले फैजपूर, १९३८ साली गुजरातमधले हरिपुरा आणि मग त्रिपुरी. पुढाऱ्यांनी धूळ खात खेड्यात जावे, हा त्यामागचा हेतू. अधिवेशन खेड्याच्या नावाने गाजले, कमान मात्र शहराच्या बाजारात उभी राहिली. गावाच्या नावाने निघालेली गोष्ट बाजारात येऊन थांबते, ही रीत जुनीच दिसते. वाळूचेही तसेच आहे. ती गावातून निघते, शहरात इमारत होते. गावाकडे उरतो तो उखडलेला रस्ता आणि त्याबद्दलचा तक्रार क्रमांक.

तक्रार करण्याची सोय नाही, असे म्हणता येणार नाही. मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाइन आहे. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई भरते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी केंद्राचे ‘मेरी सड़क’ हे अॅप २०१५ पासून आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने ‘लोकपथ’ अॅप आणले: खड्ड्याचा फोटो टाका, सात दिवसांत खड्डा बुजेल. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. ‘आपले सरकार’ पोर्टल आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन ही त्याचीच भावंडे.

१८१ वर केलेली तक्रार एल-१ ते एल-४ अशा पायऱ्या चढते. खालच्या अधिकाऱ्याने सोडवली नाही किंवा तक्रारदाराचे समाधान झाले नाही, तर ती वर जाते. कागदावर ही रचना चांगली आहे आणि हातपंप, रखडलेले पेन्शन, शिधापत्रिका अशा तक्रारींत तिचा उपयोगही होतो. पण रस्त्याच्या तक्रारीत एक मेख आहे. ‘खड्डा पडला आहे’ ही तक्रार खड्डा बुजवला की सुटते. गँग येते, गिट्टी आणि डांबराचा मसाला टाकते, दाबते, फोटो काढते. तक्रार बंद. त्याच संध्याकाळी त्याच ठिगळावरून डंपरांची रांग जाते आणि पंधरवड्यात शेजारी नवा खड्डा तयार असतो. तो नवा खड्डा म्हणजे नवी तक्रार, नवा क्रमांक, नवा फोटो. खात्याच्या आकडेवारीत दोन तक्रारी सुटलेल्या दिसतात. गावकऱ्याने ‘खड्डा नको, डंपर थांबवा’ असा हट्ट धरला, तर ती मागणी या खात्याच्या अखत्यारीत बसत नाही म्हणून तक्रार ‘फोर्स क्लोज’, म्हणजे समाधान न होताच बंद, होण्याची पाळी येते. हा शब्द आता खेड्यापाड्यांतही लोकांच्या तोंडी आहे, यातच काय ते आले.

राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री राकेश सिंह जबलपूरचेच आमदार आहेत. जुलै २०२५ मध्ये ते म्हणाले होते की रस्ते आहेत तोवर खड्डे पडतच राहणार. खड्डा न पडणारे तंत्रज्ञान अजून आपल्या माहितीत नाही. त्यावर बरीच टीका झाली. चार वर्षे टिकायला हवा तो रस्ता सहा महिन्यांत खचला तर ते चूकच, असेही त्यांनी जोडले होते. ते फारसे कोणी लक्षात ठेवले नाही. खरा प्रश्न त्या दुसऱ्या वाक्यात आहे. सहा महिन्यांत रस्ता का खचतो?

याचे उत्तर इंजिनिअरांना साठ वर्षांपासून माहीत आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ रस्त्यांची रिंगणे बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक अहोरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात: अॅक्सलवरचे, म्हणजे चाकांच्या आसावरचे, वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणूनच मोटारी आणि दुचाकींनी रस्ता खराब होतो, या म्हणण्यात काही अर्थ नाही. हजारो मोटारींनी जे होत नाही ते एक जास्त भरलेला टिपर करून जातो.

आता गावाच्या रस्त्याचा हिशेब मांडून पाहू. रस्ता किती जाड करायचा हे ठरवताना ८.१६ टनांचा एक ‘प्रमाणित अॅक्सल’ धरतात आणि पुढच्या दहा वर्षांत असे किती अॅक्सल त्यावरून जातील याचा अंदाज बांधतात. इंडियन रोड्स काँग्रेसने कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांचे वर्ग पाडले आहेत. त्यातला तिसरा वर्ग दहा वर्षांत साठ हजार ते एक लाख प्रमाणित अॅक्सल सोसण्यासाठी असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली, दिवसाला दोन-चार बस, सुगीत वाढलेली धान्याची वाहतूक, हे सगळे त्यात येते. तीन अॅक्सलचा टिपर कायद्याने ठरलेल्या २८.५ टन वजनात भरून गेला, तरी एका फेरीत पाचेक प्रमाणित अॅक्सलइतकी झीज करतो. दिवसाला अशा शंभर भरलेल्या फेऱ्या झाल्या की रोजचे पाचशे अॅक्सल. एक लाख व्हायला दोनशे दिवस. म्हणजे एकही किलो जास्त न भरता, कायदा अक्षरशः पाळून, दहा वर्षांचे आयुष्य सात महिन्यांत संपते. त्यातच जादा माल भरून टिपरचे एकूण वजन पाव हिश्श्याने वाढवले, तर झीज जवळजवळ अडीच पट होते आणि तीन महिनेही पुरे भरत नाहीत. मग खड्ड्यावर टाकलेल्या ठिगळाचे आयुष्य किती, ते वेगळे सांगायला नको.

या वजनाच्या बाबतीत सरकारनेही ट्रकच्या बाजूने हात सैल सोडला, हे विसरता येत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची परवानगीप्राप्त वजने वाढवली. चार टायरच्या एकेरी अॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर गेली, तीन अॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर. वाहतूक स्वस्त व्हावी, हा हेतू चुकीचा नव्हता. महामार्गांसाठी तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण ट्रक महामार्गावरच राहत नाही. तो वाळूच्या घाटावर जातो, खदानीत जातो, आणि शेवटचे आठ-दहा किलोमीटर त्याला गावचाच रस्ता लागतो. ट्रकची ताकद वाढली, गावच्या रस्त्याची तेवढीच राहिली.

वाळूच्या ट्रकजवळ उभे राहिले की आणखी एक गोष्ट दिसते. नदीतून नुकत्याच उपसलेल्या वाळूचे पाणी फाळक्याच्या फटीतून सारखे गळत असते. रस्त्याच्या मधोमध ओली रेघ पडते, उताराला ती जाड होते, आणि जिथे ट्रक रांगेत थांबतात तिथे भर उन्हाळ्यात डबके साचते. डांबराला पाण्याइतका दुसरा वैरी नाही. पण त्याहून मोठी भानगड कागदात आहे. वाळूचा वाहतूक परवाना घनमीटरमध्ये मिळतो आणि ट्रकच्या वजनाचा कायदा टनांत बोलतो. कोरडी वाळू घनमीटरमागे दीड-पावणेदोन टन भरते, ओली दोन टनांच्या आसपास जाते. दहा घनमीटरच्या परवान्यावर, एक फावडेही जास्त न टाकता, तीन-चार टनांचा फरक पडू शकतो. खनिज खात्याच्या माणसाने परवाना पाहिला तर सगळे बरोबर. काट्यावर चढवले तर सगळे चूक. म्हणून तर काट्यावर चढवण्याची घाई कोणालाच नसते.

गावकऱ्याची तक्रार नेमकी या फटींमधून गळून जाते. रस्ता ग्रामीण सडक विकास प्राधिकरणाचा किंवा बांधकाम खात्याचा. वजन परिवहन खात्याचे. वाळू खनिज खात्याची. धूळ प्रदूषण मंडळाची. अपघात पोलिसांचा. रस्त्याकडेची नळाची पाइपलाइन फुटली तर ती आणखी कोणाची तरी. एकाच डंपरने केलेल्या नुकसानीचे पाच-सहा तुकडे होऊन ते पाच-सहा टेबलांवर जातात आणि प्रत्येक टेबल प्रामाणिकपणे सांगते की आमचा तुकडा आम्ही पाहिला.

या तुकड्यांच्या पडद्याआड आणखी एक खेळ चालतो. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत, जी २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढची पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. रस्त्याची स्थिती तपासून देखभालीचे पैसे देणारी ई-मार्ग ही संगणक प्रणाली आधी मध्य प्रदेशातच उभी राहिली, मग देशाने घेतली. हे राज्याला भूषणावह आहे. पण रस्ता दोन वर्षांत फुटला की ठेकेदार डंपरकडे बोट दाखवतो आणि डंपरवाला ठेकेदाराकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. गिट्टीचा थर पातळ असू शकतो आणि डंपर जादा भरलेला असू शकतो. रस्त्यावरून रोज किती वजन गेले याची नोंदच नसल्यामुळे दोघेही एकमेकांच्या आडोशाला सुरक्षित राहतात. वजन मोजले गेले तर यातला एक जण नक्की सापडेल. कदाचित दोघेही.

कायदा कमी पडतो का? फारसा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षेसाठी, सोयीसाठी, अथवा रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालू शकतो. शहरांतली नो-एन्ट्री उभी आहे ती याच अधिकारावर. ‘रस्त्याचे स्वरूप’ हे कारण कायद्याने स्वतःहून दिले आहे. पावणेचार मीटरच्या, एक लाख अॅक्सलच्या रस्त्याचे स्वरूप यापेक्षा स्पष्ट काय असणार? एक महिन्यापर्यंतच्या तात्पुरत्या बंदीसाठी तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते.

दंडाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये, शिवाय जादा माल उतरवून घेण्याची तरतूद आहे. सात टन जादा भरलेल्या टिपरला चौतीस हजार. आणि दंड केवळ चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच बजावले होते की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवलाच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका टोलरस्त्याच्या वादात याच न्यायालयाने सुरक्षित, सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

मग घोडे अडते कुठे? कलम ११४ मध्ये. संशयित ट्रक वजनासाठी न्यायचा तर काटा त्याच्या पुढच्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असावा लागतो. घाटापासून महामार्गापर्यंतच्या गावरस्त्यांवर सरकारी काटा औषधालाही सापडत नाही. खासगी धर्मकाटे आहेत, पण त्यातले बरेचसे माल घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या सोयीसाठी. गावाच्या सोयीचा काटा कोणी बसवलेला नाही.

रस्ता कोणी झिजवावा आणि पैसे कोणी भरावेत, हा वाद आपल्याकडे नवा नाही, आणि त्यात मराठी माणसाने मोलाची भर घातली आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारींमुळे रस्त्यांचा खर्च वाढला, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घेऊन त्यातून रस्ते करावेत, अशी या समितीची शिफारस होती. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निघाला. पुढे १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड ठरली. त्या वेळी जबलपूरही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते, १९५६ पर्यंत. ग्रामीण मार्ग म्हणजे गावाला बाजाराशी आणि मोठ्या रस्त्याशी जोडणारी वाट, हा त्या उतरंडीमागचा विचार. खदानीला रेल्वेशी जोडण्याचे काम तिच्याकडे दिलेलेच नव्हते. ते तिच्यावर नंतर, कोणाला न विचारता, येऊन पडले.

जयकरांचे तत्त्व आज लावायचे तर जो जड माल नेतो त्याने झिजेचे पैसे मोजावेत. हे परदेशात कुठेच होत नाही, असेही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थानिक संस्था आपल्या रस्त्याला वजनमर्यादा लावून फलक रोवू शकते. त्याहून जड वाहतूक करायची असेल त्या कंपनीने आधी करार करायचा, रस्त्याची पाहणी करून स्थिती नोंदवायची आणि हमीची रक्कम ठेवायची: डांबरी रस्त्याला मैलामागे साडेबारा हजार डॉलर, कच्च्याला सहा हजार. २००८ नंतर तिथल्या ग्रामीण भागात शेल वायूच्या विहिरींसाठी अवजड ट्रकची रीघ लागली, तेव्हा या जुन्या नियमाने गावांना काहीतरी आधार दिला. हमीच्या रकमा जुन्या आणि तोकड्या आहेत, ही ओरड तिथेही आहेच. पण वाद ‘किती द्यायचे’ यावर आहे, ‘द्यायचे का’ यावर नाही.

आपल्या जवळचे उदाहरण गडचिरोलीचे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे लोहखनिज ट्रकांनी बाहेर निघू लागले तसा आलापल्ली-आष्टी रस्त्याचा बोजवारा उडाला. खड्डे, चिखल, धूळ, अपघात, अडकलेल्या एसटी गाड्या, आणि त्यावरची आंदोलने. विदर्भातल्या वर्तमानपत्रांनी हे सगळे छापले. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते हेडरी ते कोनसरी या सुमारे ८५ किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनचे उद्घाटन झाले. खनिज दळून, पाण्यात मिसळून नळातून न्यायचे. जंगलातून जाणाऱ्या या नळाचे आणि त्याला लागणाऱ्या पाण्याचे वेगळे प्रश्न आहेत, ते इथे नको. मुद्दा एवढाच की माल रस्त्यावरून उचलून दुसरीकडे नेता येतो, आणि तेही जिथे खनिज बक्कळ आणि कंपनी मोठी तिथे. नर्मदेच्या वाळूला नळ कोणी टाकणार नाही. तिथे हजारो छोटे ट्रकमालक आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे.

त्या ट्रकमालकाची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल. भाडे फेरीवर नाही तर मालावर मिळते. शेजारचा जादा भरतो म्हणून याला भरावे लागते. नेमून दिलेल्या वजनात चालणारा धंद्यातून बाहेर फेकला जातो. पुष्कळ गावांत ट्रकमालक, चालक, जेसीबीवाला हे गावचेच असतात, क्वचित तक्रारीवर सही करणाऱ्याचा चुलतभाऊ. आणि जबलपूरला वाळू, गिट्टी, मुरूम लागणारच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोहनाका हा उड्डाणपूल खुला झाला, शहराभोवती शंभर किलोमीटरहून लांब रिंगरोडचे काम सुरू आहे. हे सगळे साहित्य कुठल्यातरी गावातूनच येते. म्हणून सरसकट बंदीची मागणी करणारे गाव पहिल्या आठवड्यातच हरते. शिवाय त्या बंदीने ट्रक शेजारच्या गावातून जातो, एवढेच होते.

मागणी वेगळी करायला हवी, आणि तक्रार तपासण्याची पद्धतही. ‘खड्डा आहे’ याऐवजी ‘या रस्त्यावरून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वजन जात आहे’ ही तक्रारीची स्वतंत्र जात १८१ वर असावी. ती आली की खड्डा बुजवण्याबरोबर सलग तीन दिवस, चोवीस तास वाहनमोजणी व्हावी. रस्त्याचा आराखडा करताना अशी मोजणी करतातच, तीच पुन्हा करायची आहे. सोबत चाकाखाली ठेवायचे सुटे वजनयंत्र न्यावे. रस्त्याचा एक तुकडा कापून थरांची जाडी पाहावी. या तिन्ही गोष्टींना आठवडाही लागत नाही, आणि त्यांतून ठेकेदार दोषी, वाहतूकदार दोषी की मुळात रस्त्याचा वर्गच चुकला, हे कळते. तिसरे निघाले तर रस्ता जाड करायचा, आणि त्याचा खर्च खाणपट्टाधारकाकडून. लोहखनिजाच्या पट्ट्यात तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहेच. २०१५ पासून रॉयल्टीच्या दहा ते तीस टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे, पण रस्ते-पूलही बसतात. सिहोऱ्याच्या गावांनी तो पैसा कुठे गेला हे विचारण्यात काहीच वावगे नाही.

आणखी एक साधे काम आहे. ग्रामसडक योजनेच्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी माहितीचा फलक असतो: रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदाराचे नाव, काम पुरे झाल्याची तारीख, देखभालीची मुदत. गावातला शाळकरी मुलगाही तो वाचू शकतो. त्यावर नसते ती एकच ओळ, हा रस्ता किती वजन सोसण्यासाठी बांधला आहे ही. ती ओळ कलम ११५ च्या अधिसूचनेच्या आधाराने तिथे रंगवली, तर गावकऱ्याच्या तक्रारीला कायद्याचा हात मिळेल आणि ट्रक अडवणाऱ्या पोलिसाला ‘साहेब, कुठे लिहिलंय?’ या प्रश्नाचे उत्तर.

वाळूचा परवाना घनमीटरऐवजी टनांत द्यावा, आणि भरण्याच्या जागीच काट्याची पावती परवान्याला जोडावी. म्हणजे जबाबदारी रात्री अडीच वाजता गाडी हाकणाऱ्या पोरावर न राहता माल भरणाऱ्यावर येते, जिथे ती असायला हवी.

पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत. पण साठ्यातली वाळू त्या काळातही हलतच राहते, आणि रस्त्याखालची माती भिजून मऊ झालेली असते नेमकी तेव्हाच. अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्फ वितळून जमीन भुसभुशीत होते त्या आठवड्यांत रस्त्यांवर दरवर्षी वजनबंदी लागते. आपल्याकडे तेच काम पावसाळ्याच्या तीन महिन्यांत करता येईल. साठे महामार्गालगत हलवायचे आणि गावरस्त्यांवरून भरलेले टिपर बंद. कलेक्टरांनी जिल्ह्यातले दोनच रस्ते निवडावेत, एक नर्मदाकाठचा आणि एक सिहोऱ्याचा. मोजणी आणि थरांची तपासणी ऑगस्टमध्ये उरकावी, वजनाचा फलक सप्टेंबरात लावावा. ऑक्टोबरात उपसा सुरू होतो, तेव्हा पहिला टिपर त्या फलकासमोर येईल.